पहिलं पान हरवलेली प्रेमकथा

प्रश्न : माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) चीनमधली तरुण मुलं बंदी असलेल्या प्रेमकथा हाताने उतरवून वाचत. एवढी लांबलचक कथा उतरवायची कशी? आणि एकाच कथेच्या प्रती वेगवेगळ्या का निघत?

उत्तर : आधी हिशेब मांडा. चिनी लिपीत तासन्‌तास चालणारा हात तासाला हजारेक अक्षरं लिहितो. ६० हजार अक्षरांच्या कथेला ६० तास लागणार, आणि वही हाती एकदोन रात्रीच. मग भाग पाडून चौघापाचांनी एकदम लिहायला बसायचं.

गोंधळ सांध्यावर व्हायचा. एकाचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथल्या दोनचार ओळी गळायच्या. तोच शब्द खाली पुन्हा आला की नजर तिकडे उडी मारायची, मधला मजकूर गेला. सारख्या उच्चाराचं भलतंच अक्षर पडून माणसांची नावं बदलायची. दमलेला हात वर्णनं गाळायचा. संवाद सहसा शाबूत राहायचे.

सगळ्यात आधी फाटायचं पहिलं पान, आणि त्याबरोबर कथेचं नावही जायचं. झांग यांग यांच्या कादंबरीचं नाव होतं ‘परतणं’. पहिलं पान नसलेली एक प्रत बीजिंगच्या कारखान्यातल्या एका कामगाराकडे आली. त्याने तिला ‘दुसरं हस्तांदोलन’ असं नाव दिलं आणि तेच टिकलं. शास्त्रज्ञांची ही प्रेमकथा लिहिल्याबद्दल झांग जानेवारी १९७५ मध्ये पकडले गेले, जानेवारी १९७९ मध्ये सुटले. त्याच वर्षी ती छापून आली, याच नावाने!

प्रश्न : मग प्रेमावरच बंदी होती का?

उत्तर : कायद्याने नाही. १९५० च्या विवाह कायद्यात मुलाला २० आणि मुलीला १८ वर्षं पुरत. पण १९७३ नंतर खेड्यांतही २५ आणि २३ पर्यंत थांबायला लावत. शहरातून खेड्यात धाडलेल्या मुलांनी तिथे लग्न केलं, की घरी परतायची वाट बहुतेक बंदच. त्यामुळे मनातलं मनातच राहायचं.

अशा दिवसांत स्वतः उतरवलेली वही तिला किंवा त्याला देणं साधी गोष्ट नव्हती, हे आजच्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. वहीवर नाव घातलं नाही तरी अक्षर ओळखू येतं, आणि तपासात ते ताडून बघत. वही सापडली, तर पुरावा आपल्याच हातचा. तो जपायचा की नाही, हे ज्याच्या उशाखाली वही असेल त्याच्यावर.