चावी एकटीकडे नको

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. ‘मावशी, माझा मास्टोडॉनचा सर्व्हर बंद करतेय. लोक परत इन्स्टावर गेले. मी एकटीच उरले,’ असं लिहिलंयस. पहिल्या दोन वाक्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. तिसऱ्याशी मात्र अडले. तू एकटी उरलीस, की पहिल्यापासून एकटीच होतीस?

लोक येतात आणि जातात. 2019 च्या नोव्हेंबरात, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झाल्यावर, आपल्याकडच्या लोकांची मास्टोडॉनवर, म्हणजे एका कंपनीच्या मालकीचं नसलेल्या, ज्याने त्याने आपला सर्व्हर चालवायच्या समाजमाध्यमावर, झुंबड उडाली होती. त्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत परतले. 2022 मध्ये मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं तेव्हा जगभर तोच प्रकार झाला. इन्स्टावर होमस्टेची जाहिरात करते, हेही तू अगदी खाली मान घालून लिहिलंयस. गिऱ्हाईक जिथे फिरतं तिथे पाटी लावायची, त्यात पाप कसलं? हा विषय इथेच सोडू.

मला बोलायचंय ते जुलैतल्या त्या आठवड्याबद्दल. तू तो दोन ओळींत उरकलास.

पावसात तारा तुटल्या, वाडीत लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. तुझा भाड्याचा सर्व्हर मात्र तिकडे जर्मनीत सुखरूप चालू होता. मास्टोडॉन दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेले फोटो आणि व्हिडिओ आपल्याकडे साठवत राहतं, ते अधूनमधून झाडून काढावे लागतात. ही झाडलोट तू हाताने करायचीस. ती राहिली, डिस्क काठोकाठ भरली, पोस्टग्रेसला, म्हणजे सगळा मजकूर सांभाळणाऱ्या डेटाबेसला, लिहायला जागा उरली नाही आणि सगळं ठप्प झालं. थोडी जागा मोकळी करून पोस्टग्रेस परत सुरू करायचं, एवढंच काम होतं. फार तर अर्धा तास. पण ते करू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती मालवणात मेणबत्ती लावून बसली होती. कुडाळचा तो मुलगा तेव्हा पुण्यात होता. त्याच्याकडे लाईट होती, नेट होतं, लिनक्स तर तो तुझ्याइतकंच जाणतो. सर्व्हरमध्ये शिरायची चावी तेवढी नव्हती. त्याने ती आधी मागितलीही होती, हे तूच लिहिलंयस. आणि तू त्याला काय म्हणालीस? ‘मी आहे ना.’

अगो बाय, हे वाक्य मी आधी ऐकलंय.

रत्नागिरीत आमचा मराठीकरणाचा एक छोटा गट होता. मुक्त सॉफ्टवेअरमधल्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमधल्या मेनूंचं, सूचनांचं, चूक दाखवणाऱ्या संदेशांचं भाषांतर आम्ही करायचो. एकेका शब्दावरून रात्री अकरापर्यंत भांडायचो. फोल्डर, फाइल, सेव्ह यांना काय म्हणायचं इथपासून ते समोरच्याला ‘करा’ म्हणायचं की ‘करावे’ इथपर्यंत. शाळेतल्या बाई, बँकेतले गृहस्थ, डिप्लोमाची पोरं, सगळ्यांच्या हातचं त्या शब्दसंग्रहात होतं, आणि प्रत्येक शब्दाखाली तो का निवडला याची चर्चा. हे सगळं एका सर्व्हरवर होतं आणि सर्व्हर एका भल्या माणसाच्या नावावर होता. स्वतःच्या खिशातून पैसे भरायचा, कधी चकार शब्द काढला नाही. मी त्याच्याकडे दुसरी चावी मागितली होती. हसून म्हणाला, ‘मी आहे ना.’ पुढे तो हृदयविकाराने गेला. डोमेन, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, हे काय असतं हेच घरच्यांना माहीत नव्हतं. नूतनीकरणाची आठवण करून देणारे मेल त्याच्या बंद मेलपेटीत पडून राहिले. वर्ष उलटल्यावर त्या पत्त्यावर कसल्याशा जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. त्या माणसाचा मला राग नाही. त्या चर्चा गेल्या याचं दुःख मात्र अजून आहे, कारण शब्द परत बनवता येतात, पण तो का निवडला हे सांगणाऱ्या बाईंना आता काही आठवत नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे. चावी एकट्याकडे नको. कुठल्याही गटाने बोलावलं की मी आधी विचारते, दुसरी चावी कोणाकडे? उत्तर आलं नाही तर जात नाही. एका चांगल्या गटातून मी याच कारणासाठी बाहेर पडले. तिथले लोक अजून म्हणतात, बाईंनी पासवर्डवरून गट फोडला. म्हणोत. माझं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. माणसं दुखावली हे खरं आहे, पण त्यांची मेहनत वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ते बरं.

आणि तुला हे मी सांगायचं? तू रापणकरांच्या घरातली. होडी जाळं टाकत समुद्रात वळसा घालून येते, मग दोन्ही दोर किनाऱ्यावर सगळी मिळून ओढतात. एकाच्या अंगात ताप असला म्हणून रापण पाण्यात राहत नाही. मासळीचे वाटे पडतात तेव्हा दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा निघतो. तुझ्या आजोबांना जे कोणी शिकवावं लागलं नाही, ते संगणकासमोर बसल्यावर तू विसरतेस कशी?

मुक्त सॉफ्टवेअरमध्येही जे टिकलं ते असंच टिकलं. इयान मर्डॉकने 1993 मध्ये डेबियन ही लिनक्सवरची प्रणाली सुरू केली आणि 1996 मध्ये नेतृत्व ब्रूस पेरेन्सच्या हाती दिलं. 2015 मध्ये मर्डॉक वारला. त्याच्या जाण्याने डेबियनची एकही आवृत्ती अडली नाही. तिथे दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते आणि एकेका पॅकेजची, म्हणजे तिच्यातल्या एकेका सॉफ्टवेअरची, काळजी कित्येकदा गट मिळून घेतो. आता याच्या उलट बघ. मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा नावाजलेला सर्व्हर होता, चालवणारा एकच. घरात आजारपणं आली आणि 2022 मध्ये त्याने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याने लोकांना आधी कळवलं, हलायला वेळ दिला, म्हणजे तसा सज्जनच. तरी लोकांना जावंच लागलं. खातं हलवताना अनुयायी बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. तुझ्याकडे काय काय आहे ते आठव. दशावताराच्या रात्रींचे फोटो, वेंगुर्ल्याच्या त्या आजींनी सांगितलेल्या मालवणी म्हणी, मासळीच्या दरांवरची ती लांबलचक भांडणं. ते सगळं कुठे जाईल?

तुझी शंका मला ठाऊक आहे, पत्रात तू ती अर्धवट लिहून सोडलीस. मास्टोडॉनवरचे खासगी संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला डेटाबेसमध्ये वाचता येतात, मग दुसऱ्याच्या हाती तो द्यायचा कसा? शिवाय एक्सझेडचं प्रकरण आहेच. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं, असंख्य लिनक्स संगणकांवर असलेलं मुक्त सॉफ्टवेअर. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड वागून हक्क मिळवले आणि आत चोरदरवाजा बसवला. एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या वाटेने, आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याच्या मागे आंद्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रामर लागला म्हणून 2024 च्या मार्चमध्ये ते उघडकीला आलं. दुसऱ्याला चावी दिली म्हणूनच घात झाला, असं तू म्हणशील.

मी उलटं म्हणते. एक्सझेडचा मूळ सांभाळकर्ता लासे कॉलिन तो प्रकल्प बहुतांशी एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता आणि थकला होता, हे त्याने स्वतः जाहीरपणे लिहिलं होतं. अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणलं, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे म्हणून. थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाकडून चावी काढून घेणं सोपं असतं. दम असताना, आपणहून, ज्याचं घर आपल्याला माहीत आहे अशाला दिली तर निवड तरी आपली असते. कुडाळच्या त्या मुलाच्या आईला तू ओळखतेस. ‘जिया टॅन’ला आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

अजून एक सांगते, थोडं लागेल. मास्टोडॉनचा परवाना एजीपीएल, कोड खुला ठेवायला लावणारा. त्यात तू फेरफार केलेस तर तुझा सर्व्हर वापरणाऱ्या कोणालाही तो बदललेला कोड मागायचा हक्क आहे, आणि आपण सगळे त्या हक्काचा अभिमान बाळगतो. पण डेटाबेस? डोमेन? बॅकअप? ते तुझ्या एकटीच्या ताब्यात. त्या म्हणी लिहिणाऱ्या आजींच्या बाजूने बघ. अमेरिकेतली कंपनी काय आणि मालवणातली तू काय, दोघींच्या मर्जीवरच त्यांचं लिखाण टिकणार. तू प्रेमळ आहेस एवढाच फरक. मला तो पुरत नाही. तुलाही पुरू नये, नाहीतर एवढा उपद्व्याप केलास कशाला?

रागावू नकोस. दोन वर्षं तू शिकवणीच्या पैशांतून सर्व्हरचं भाडं भरलंस, हे वाचून मला घास गेला नाही. यापुढे एकही रुपया एकटीने भरू नकोस. वर्गणी काढ, जमाखर्च सगळ्यांसमोर मांड. मागायला लाजू नकोस, आपल्याकडे पालखीची वर्गणी कोणी लाजत मागतं का?

सर्व्हर बंद करायचा की नाही, हे मी ठरवणार नाही. तू एकटीनेही ठरवायचं नाही. आधी डोमेनच्या खात्यात दुसऱ्याचा मेल घाल आणि नूतनीकरणाची तारीख दोघांच्या कॅलेंडरात टाक. त्या मुलाची एसएसएच चावी सर्व्हरवर चढव. डेटाबेसचा, लोकांनी चढवलेल्या फायलींचा आणि त्या गुप्त चाव्या असलेल्या कॉन्फिग फाइलचा, म्हणजे सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलचा, बॅकअप तुझ्या लॅपटॉपशिवाय आणखी एका जागी गेला पाहिजे. ती कॉन्फिग फाइल लोक हमखास विसरतात. तक्रारी बघायला वेंगुर्ल्याच्या त्या शिक्षिकेला नियंत्रक कर. त्यासाठी तिला सर्व्हरची चावी लागत नाही आणि शिव्या देणाऱ्यांना गप्प कसं करायचं हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं जमेल. मग सगळ्यांना बोलावून विचार, चालवायचा का. नको म्हणाले तर नीट मुदत देऊन बंद कर, मी एका शब्दाने बोलणार नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख लागली की कळव, मी येतेय. त्या मुलालाही बोलाव. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पडवीत बसू, एक रिकामा सर्व्हर घेऊ आणि बॅकअपवरून सगळं नव्याने उभं करून बघू. कीबोर्डवर तो बसेल. तू त्याच्याशेजारी बसायचं आणि तो अडला तरी बोलायचं नाही. जिथे अडेल ते कागदावर लिहून घ्यायचं.

तुझी,
रत्नागिरीची मावशी