अकरा वर्षं ठोकतेय, दार उघडत नाही

प्रश्न : ताई, सलाम. माझे मिस्टर साखर कारखान्यात आहेत. सीझन असो नसो, दारू रोजची. अकरा वर्षं मी पहाटे पाचला उठून गुडघ्यावर येते, शुक्रवारी उपास धरते. तसूभर फरक नाही. मागच्या महिन्यात भगिनी मंडळात एकजण सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुझा विश्वास कमी पडतोय." वर बायबलातल्या लूक 18 मधली, न्यायासाठी न्यायाधीशाकडे सारखी खेटे घालणारी विधवा काढून दाखवली. ती थकली नाही, मी थकले. प्रार्थना चालू ठेवू की थांबू?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : बहिणी, सलाम. विश्वास तोलायचा तराजू त्या बाईंकडे असेल तर मलाही बघायचाय. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे न सुटणारा त्रास, जावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला तो राहिलाच, "माझी कृपा तुला पुरे" एवढं उत्तर मिळालं. पौलाला हे मंडळात सुनावलं असतं का कुणी?

त्या विधवेची गोष्ट मात्र मला घरचीच. 1981 साली वडील गेले. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर जिराईत. चुलत्यांनी वारसनोंदीला हरकत घेतली आणि सातबाऱ्यावर आईचं नाव काही लागेना. आई दर मंगळवारी एसटीने कचेरीत. कागद दुधाच्या पिशवीत, भाकरी-चटणी फडक्यात. शिपाई म्हणायचा, "साहेब मीटिंगला गेलेत." आई म्हणायची, "येतील की," आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. जेवायची वेळ झाली की भाकरी सोडायची, अर्धी शिपायाला द्यायची. अडीच वर्षांनी साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "बाई, आता परत येऊ नका." नाव सातबाऱ्यावर चढलं, पण साहेबांच्या तोंडी ती शेवटपर्यंत नुसती 'बाई'च.

लूकच्या गोष्टीतला न्यायाधीश असाच कावलेला. तिथला मूळ ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारणं असा त्याचा अर्थ. ही बाई येऊन येऊन माझा डोळा सुजवील, असं तो म्हणतो. पण येशू देवाला त्या खुर्चीत बसवत नाही. असला माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, मग देव आपल्या माणसांना देणार नाही का, असं त्याचं म्हणणं. तीच माझी आई रात्री कंदिलापाशी प्रार्थनेला बसली की कचेरीतला दबका आवाज कुठल्या कुठे जायचा. शेळी आटली, पोरीला गणितात कमी पडले, दिराचा राग जात नाही, सगळं सांगायची. मध्येच डोळा लागायचा. जाग आली की 'आमेन' म्हणून उठायची. देवाला बेजार करून सही घ्यायचीय, असं तिच्या बोलण्यात कधी आलं नाही. तुमच्या पाच वाजताच्या प्रार्थनेची तेवढी कचेरी होऊ देऊ नका.

आणखी एक. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची आई होती. मुलगा ऑगस्टीन हातचा गेलेला. तो रोमला निघाला तेव्हा, देवा, याला जाऊ देऊ नकोस, म्हणून ती रात्रभर रडत होती. त्याने तिला थाप मारली आणि त्याच रात्री जहाज गाठलं. तिला वाटलं असेल, संपलं सगळं. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे अँब्रोज बिशपची प्रवचनं त्याच्या कानी पडली आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. तिने धरून ठेवलेला रस्ता देवाने नाकारला आणि त्याच नकारातून तिचं खरं मागणं पुरं केलं. तुमच्या घरी असंच होईल, हे मी लिहून देऊ शकत नाही. तुमच्या मिस्टरांना स्वतःची मर्जी आहे, तिला देवही मुरगळत नाही.

आता चौतीस वर्षं मिरजेत नर्स होते म्हणून सांगते. शपथ घालून दारू एका दिवसात बंद करायला लावू नका. रोजच्या पिणाऱ्याची अचानक सुटली की हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. आणि जाहिरातीतलं 'नकळत देण्याचं' औषध आमटीत अजिबात कालवू नका. डॉक्टरकडे गेल्याने प्रार्थना बाटत नाही.

थांबू का, म्हणता. थांबू नका, पण महिनाभर पहाटेचं उठणं बंद. झोपा. उपासही सोडा. इस्राएल लोकांची अमालेकाशी लढाई चालू होती, मोशेचे हात वर असले की त्यांची सरशी व्हायची. ते हात भरून आले, तेव्हा त्याला कुणी विश्वासाचा हिशेब विचारला नाही. बसायला धोंडा दिला, आणि अहरोन एका बाजूने, हूर दुसऱ्या बाजूने, असे दोघांनी सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरून ठेवले. मंडळातल्या दोघीजणी निवडा, त्यांना सगळं खरं सांगा आणि या महिन्याची प्रार्थना त्यांच्या हवाली करा. लूक 18 काढून दाखवणाऱ्या बाई सोडून कुणीही चालेल.