वजाबाकीचा हातचा : आजोबांची रीत आणि शाळेची रीत

तुमची लेक तिसरीत आहे. आजोबांनी शिकवलं तसं तिने ५२ − २७ सोडवलं, उत्तर २५ आलं, तरी बाईंनी फुली मारून ‘पद्धत चूक’ असा शेरा दिला. आता घरी कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही मुलं यातून गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आजोबांची पद्धत चूक नाही. आपल्यापैकी कित्येकजण तीच शिकलो: दोनातून सात जात नाहीत, हातचा घेतला, बारातून सात गेले, उरले पाच. हातचा एक खालच्या दोनाला दिला, झाले तीन. पाचातून तीन गेले, उरले दोन. यात वरच्या संख्येत दहा एकक वाढवले आणि खालच्या संख्येत एक दशक. दोन्हीकडे दहाच वाढले, म्हणून फरक तोच राहिला. आई ३२ वर्षांची आणि मुलगी ८ वर्षांची असेल, तर दहा वर्षांनीही दोघींच्या वयातलं अंतर २४च असतं, तसंच हे. पण हे कारण आपल्याला शाळेत कोणी सांगितलं होतं? ‘हातचा खाली द्यायचा’ एवढंच पाठ होतं.

शाळा आता एक दशक सुटा करायला शिकवते. ५२ म्हणजे पाच दशक, दोन सुटे. एक गठ्ठा सोडला की चार दशक आणि बारा सुटे. त्यातून सात सुटे आणि दोन दशक काढायचे. हे काड्यांनी किंवा दहाच्या नोटा मोडून मुलाला डोळ्यांनी दिसतं. मला सुरुवातीसाठी हीच रीत चांगली वाटते. अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर या संशोधकांनी तिसरीच्या मुलांवर याच दोन रीतींची तुलना केली होती. ती १९४९ साली प्रसिद्ध झाली. अर्थ समजावून शिकवलं तिथे दशक सुटा करण्याची रीत सरस ठरली. नुसतं घोकून घेतलं तिथे तो फायदा दिसला नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असंही वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या, बालभारतीच्या गणित समितीचा रोख याच गोष्टीकडे होता: मुलाला संख्येतले दशक आणि एकक कळावेत. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटेल.

खरी अडचण दोन्ही रीती एकाच वेळी कानावर पडतात तेव्हा येते. तिची वही नीट चाळा. ५२ − २७ चं उत्तर कुठे १५ दिसतंय का? तसं असेल तर तिने शाळेप्रमाणे पाचाचे चार केले आणि आजोबांप्रमाणे दोनाचे तीनही केले. याला निष्काळजीपणा म्हणून रागावू नका. आणि ५०३ − १८७ चं उत्तर ४८४ आलं असेल, तर ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतेय. म्हणजे हातचा अजून समजलेलाच नाही.

म्हणून सध्या घरी शाळेचीच रीत ठेवा, आणि आजोबांनाही तीच करून घ्यायला सांगा. ते मोठ्या प्रेमाने बसतात, ते बंद पडू देऊ नका. काड्या आणि रबरबँड घ्या, कागदावर नंतर या. प्रत्येक उत्तराचा ताळा बेरजेने करायला लावा: २७ आणि १५ मिळून ४२ होतात हे तिने स्वतः पाहिलं की चूक तिची तिला सापडते. हात बसला की मग आजोबांची रीत कारणासकट शिकवा. ५०३ सारख्या, मधे शून्य असलेल्या संख्येत ती फार सोयीची पडते. शतक मोडून दशक करा, मग त्यातला एक मोडून सुटे करा, ही दुहेरी मोडतोड करावी लागत नाही.

बाईंना मात्र जरूर भेटा. बरोबर उत्तराला, योग्य रीतीने सोडवलेलं असताना, फुली मारणं मला अजिबात मान्य नाही. ‘वर्गात शिकवलेल्या रीतीनेही करून दाखव’ एवढा शेरा पुरला असता. भांडायला नको, पण तो शेरा बदलून मागा, लेकीसमोर. शिवाय पुढच्या पालकसभेत हातच्याची वजाबाकी वर्गात कशी घेतात ते फळ्यावर दाखवा, अशी विनंती करा. वहीतले आकडे का खोडलेत हेच बहुतेक घरांत कळत नाही, कारण शाळेने ते कधी सांगितलेलंच नसतं.