कृषी सल्ला : वाईन द्राक्षांची लागवड, करार आणि परत आलेला माल

जानेवारी उजाडला की नाशिक भागात वाईनच्या बातम्यांना बहर येतो. महोत्सवाचे फोटो छापून येतात, पिंपात उभी राहून द्राक्षे तुडवणारी शहरातली मंडळी दिसतात, एखाद्या कंपनीच्या विक्रीचे आकडे येतात. पाठोपाठ आमच्याकडे फोन सुरू होतात. यंदा जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांना इथे एकत्र उत्तरे देतो. कोणाचेही नाव लिहिलेले नाही.

प्रश्न : माझी दोन एकर थॉमसनची (खायच्या द्राक्षांची) बाग चौदा वर्षांची आहे. वाईनला मागणी वाढल्याचे पेपरात वाचले. बाग काढून कॅबरनेट ही वाईनची जात लावू का?

उत्तर : भाऊ, तुमची द्राक्षे घेणारी वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना, ठरला आहे का? ठरला नसेल तर बागेला हात लावू नका. थॉमसनचा एक व्यापारी फिरला तर दुसरा येतो, माल पिंपळगावच्या बाजारात नेता येतो, काहीच जमले नाही तर बेदाण्याची शेड आहे. कॅबरनेटला यातले काही नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात ही द्राक्षे कोणी खायला घेणार नाही. गिऱ्हाईक एकच, आणि तेही हंगामातल्या मोजक्या दिवसांचे.

घाबरवायला हे सांगत नाही, झालेले सांगतो. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क झाले, पुढच्या सात-आठ वर्षांत वायनरी भराभर वाढल्या आणि लागवडही वाढली. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला एकापाठोपाठ आले. हॉटेलांतला खप बसला, टाक्यांत आधीची वाईन पडून राहिली आणि नवी द्राक्षे घ्यायला जागा नाही असे उत्तर मिळू लागले. अनेकांनी तेव्हा चांगल्या भरात आलेल्या बागा उपटल्या. काहींची उधारी वहीतच राहिली.

जाहीर झालेल्या निर्णयांचेही तसेच. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याला विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. दुसरीकडे, वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परतावा देणारी योजना २००९ पासूनची. ती मध्यंतरी खंडली होती, जानेवारी २०२४ मध्ये आणखी पाच वर्षे चालवायचा निर्णय झाला. उद्योगाला हा मोठा आधार आहे, नाकारत नाही. पण परतावा जातो वायनरीच्या खात्यात. त्यातले तुमच्या दरात किती उतरायचे, ते तुमचा करार ठरवतो.

म्हणून आधी करार, मग रोप. करार लेखी हवा, आणि सही करण्यापूर्वी घरात एकदा मोठ्याने वाचून काढा. दर सरसकट आहे की ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाच्या, टप्प्यांवर, ते पाहा. एकरी उत्पादनाची मर्यादा घातली असेल. लाल जातींना साधारण तीन-चार टनांच्या आसपास धरतात, पांढऱ्यांना थोडी जास्त. टेबल द्राक्षाच्या टनावारीची सवय असलेल्याला हा आकडा खुपतो, तरी तो धरूनच एकराचा हिशेब मांडा. काढणीची तारीख कोण ठरवणार? वायनरीने आठ दिवस थांबवले आणि वजन घटले तर भरपाई कोणाची? माल नाकारायचा असेल तर कोणत्या कसोटीवर, आणि ती तपासणी तुमच्यासमोर होणार की आत? पैसे किती दिवसांत? वाहतूक कोणाकडे? मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत दराचा प्रश्न नव्हताच, या शेवटच्या तीन मुद्द्यांचा होता.

करार हातात आला की मग शेतीचे. जुनी बाग डॉगरिज रूटस्टॉकवर (खालच्या मुळाच्या खुंटावर) असेल आणि खोड निरोगी असेल तर वरची जात पाचर कलमाने बदलता येते, रूटस्टॉक नव्याने लावावा लागत नाही. मात्र डॉगरिज जोमाचा आहे, भारी जमिनीत वेल नुसती वाढत राहते. नवी लागवड करणार असाल तर ११० आर या रूटस्टॉकचा विचार करा. मांडवावर वाईनची द्राक्षे नकोत. एका रेषेत तारा, फुटवे सरळ वर, घड खाली एका पट्ट्यात, अशी रचना वायनरी मागते. आठ बाय चार फुटांवर एकरी साधारण १३६० वेली बसतात. पहिला विकण्याजोगा माल यायला दोन वर्षे धरा आणि तेवढ्या दिवसांचा घरखर्च कुठून येणार, ते आधी ठरवा.

प्रश्न : अवकाळी पावसाने थॉमसनला तडे गेले. व्यापारी उचलत नाही. वायनरीला देता येईल का?

उत्तर : नाही, दादा. तडा गेलेल्या मण्यात काही तासांत आंबण सुरू होते आणि त्याचा पुढे व्हिनेगर होतो. असे दहा क्रेट टाकीत गेले तर अख्खी टाकी बिघडते, म्हणून दारावरचा माणूस वास घेऊनच गाडी परत लावतो. तडे नसते तरी अडचण होतीच. आपण जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवून मणी फुगवतो. वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीत असतो. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते. पंचनाम्यासाठी मात्र थांबू नका, आजच्या आज तलाठ्याला आणि आम्हाला कळवा, विमा असेल तर कंपनीलाही मुदतीत कळवा.

प्रश्न : शिराझचा (लाल वाईनची जात) ब्रिक्स २४ भरला होता. तरी वायनरीने दोन टन माल परत पाठवला. सामू जास्त म्हणाले. सामू मातीचा असतो, द्राक्षाचा कुठून आला?

उत्तर : हा यंदाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

सामू म्हणजे पीएच, आम्लतेचे माप. आकडा जितका वर, तितके आम्ल कमी. रसालाही सामू असतो. पांढऱ्या वाईनसाठी तो ३.२ ते ३.४ आणि लालसाठी ३.४ ते ३.६ च्या आसपास असावा, अशी साधारण अपेक्षा असते. तो चारकडे सरकला की लाल वाईनचा रंग विटकरी पडतो, तिच्यात घातलेला सल्फर डायऑक्साइड कमी काम करतो, जिवाणू वाढतात आणि वाईन टिकत नाही. म्हणजे गोडी भरपूर असलेली द्राक्षेही वायनरीच्या दृष्टीने हुकलेली असू शकतात.

सामू वाढतो दोन कारणांनी. एक, उन्हाने. मण्यातले मॅलिक आम्ल उष्णतेत जळते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला माल आणि मार्चच्या मध्यावरचा माल, ब्रिक्स सारखाच असला तरी आम्लतेत बराच फरक पडतो. दुसरे कारण आपल्या हातातले, पोटॅश. टेबल द्राक्षात गोडी आणि चकाकीसाठी पाणी उतरल्यानंतर (मणी मऊ पडून पिकू लागल्यावर) ०:०:५० या पोटॅश खताच्या फवारण्या आणि ड्रिपमधून पोटॅश देण्याची सवय आहे. तीच सवय वाईनच्या बागेत चालू राहते. पोटॅशियम मण्यात साठते, टार्टारिक आम्लाला बांधून टाकते आणि सामू वर चढतो. तुम्ही फोनवर सांगितले की शेवटच्या महिन्यात तीन फवारण्या झाल्या. माझ्या मते माल तिथेच हुकला. वाईनच्या बागेत देठ परीक्षणात (पानाचे देठ प्रयोगशाळेत तपासून) कमतरता दिसली तरच पोटॅश द्या, शेजाऱ्याने दिला म्हणून नको.

आता त्या २४ ब्रिक्सविषयी. तो कसा मोजला? बहुतेक जण बांधावरच्या वेलीचा उन्हाकडचा, खांद्यावरचा मणी तोडतात, रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर) पिळतात आणि खूश होतात. तोच बागेतला सगळ्यात गोड मणी असतो. घडाच्या टोकाचा मणी मागे असतो. नमुना असा घ्या : बांधाच्या ओळी सोडून आतल्या वीस-पंचवीस वेली निवडा. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून, मध्यातून आणि टोकाकडून मिळून शंभर मणी तोडा. वेळ रोज सारखीच, सकाळची. मणी प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून तोंड बांधा, हाताने सगळे फुटेपर्यंत चुरा, रस फडक्यातून गाळा. मग ब्रिक्स, मग सामू. सामूमीटर ४ आणि ७ च्या द्रावणात बुडवून आधी जुळवून घ्या, नाहीतर तो काहीही दाखवतो.

चुरण्यापूर्वी त्या शंभर मण्यांचे वजन करायला विसरू नका. वहीत तारीख, वजन, ब्रिक्स, सामू असे चार रकाने आखा. ब्रिक्स वाढतोय आणि वजन टिकून आहे, तर मणी पिकतोय. ब्रिक्स वाढतोय आणि वजन घटतेय, तर मण्यातले पाणी उडतेय. साखर वाढलेली नाही, फक्त घट्ट झाली आहे. वायनरीला असा माल नको असतो आणि तुमचेही टनावर नुकसान. एका बागेत मी स्वतः हे पाहिले : पाच दिवसांत ब्रिक्स दीडने चढला, मालक आनंदात होते, आणि शंभर मण्यांचे वजन १२० ग्रॅमवरून १११ वर आले होते. हातात घेतलेला मणी बोटाखाली चपटा होत होता.

आणखी एक खूण बियांची. मणी फोडून बी बघा. हिरवट, चिकट असेल तर थांबा. तपकिरी होऊन दातांखाली कडक फुटत असेल तर लाल जात तयार आहे.

पुढच्या हंगामासाठी : वेलीवर घड जास्त ठेवू नका. माल जास्त असला की रंग आणि साखर उशिरा येते, तोवर आम्ल जळून जाते. घडाजवळची पाने काढायची तर सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा, पश्चिमेची राहू द्या. काढणी पहाटे उरका आणि माल ऊन चढण्यापूर्वी पोहोचेल असे बघा.

परत आलेल्या दोन टनांचे पैसे मिळतील का, हेही तुम्ही विचारले होते. करारात सामूची मर्यादा लिहिली नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. करार घेऊन कार्यालयात या. लिहिलेली असेल तर अवघड आहे.

प्रश्न : काढणीला वीस दिवस आहेत आणि भुरी (पांढरी बुरशी) दिसते. गंधक मारू का?

उत्तर : नको. वायनरी साधारण महिनाभर आधीच गंधक थांबवायला सांगतात. सालीवर राहिलेल्या गंधकाचा यीस्ट हायड्रोजन सल्फाइड करते आणि वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो. ॲम्पेलोमायसिस किंवा बॅसिलस सबटिलिससारखे जैविक पर्याय वापरा. रासायनिक औषध घ्यायचेच असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतला काढणीपूर्व कालावधी पाहून, आणि वायनरीच्या माणसाला विचारूनच घ्या. फवारणीची नोंद लपवू नका, औषधाचा अंश रसात उतरतोच.

प्रश्न : आमच्याकडे पर्यटक येतात. घरी थोडी वाईन करून विकली तर?

उत्तर : ताई, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाईन करताही येत नाही आणि विकताही येत नाही. द्राक्षे तुमची असली तरी. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात मात्र नोंदणी करून घ्या, एक एकरापासून करता येते. द्राक्षे तुडवायचा कार्यक्रम जरूर ठेवा, मुलांना मजा येते. फक्त तो रस पिंपात रात्रभर ठेवू नका. आपल्या हवेत सकाळपर्यंत त्याला फेस येतो, आणि मग तपासणीला आलेल्या माणसाला समजावत बसावे लागते. संध्याकाळीच खड्ड्यात ओता.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाची वाईन स्वस्त होणार म्हणतात. आपले काय?

उत्तर : ऑस्ट्रेलियासोबतचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. १५० टक्के आयात शुल्क पाच डॉलरहून महाग बाटलीवर लगेच १०० टक्के झाले, ते दहा वर्षांत ५० वर येईल. पंधरा डॉलरहून महाग बाटलीवर ७५ टक्के झाले, ते २५ वर उतरेल. स्वस्त बाटलीला सवलत नाही. म्हणजे झळ लागणार ती वरच्या दर्जाच्या वाईनला. आपल्या वायनरी त्याच दर्जाकडे सरकत आहेत, त्यामुळे दारावरची तपासणी सैल होण्याची आशा ठेवू नका. वरच्या शिराझच्या उत्तरातली चार रकान्यांची वही इथेही लागेल.

प्रश्न : माल निघाला. खरड छाटणी (काढणीनंतरची एप्रिलची छाटणी) लगेच करू का?

उत्तर : पंधरा-वीस दिवस बागेला विश्रांती द्या. पाणी थोडे, पण पूर्ण तोडू नका. पाने हिरवी राहू द्या म्हणजे खोडात अन्न साठते. मग एप्रिलमध्ये ओलांड्यावर (खोडाच्या आडव्या फांदीवर) एकेक डोळा ठेवून छाटा. पुढच्या वर्षीचा घड या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीत, छाटणीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात तयार होतो. त्या काळात आभाळ राहिले किंवा फुटवे दाटले तर वांझ काड्या निघतात, म्हणून विरळणी वेळेत करा. ऑक्टोबरात किती डोळ्यांवर छाटायचे, ते अंदाजाने ठरवू नका. सप्टेंबरमध्ये बागेच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा काड्या तोडून ओल्या कापडात गुंडाळून काडी परीक्षणासाठी (कोणत्या डोळ्यात घड आहे ते तपासण्यासाठी) आणा.