यूकेला नर्स म्हणून येताय? ड्यूटी आणि तब्येतीबद्दल

तुम्ही विचारलंय, मिरजेत आठ तासांच्या ड्यूटीतच कंबर धरते, मग एनएचएसची (इथली सरकारी आरोग्यसेवा) साडेबारा तासांची शिफ्ट झेपेल का? झेपेल, पण पेशंट हातांनी उचलायची सवय तिथेच सोडून या.

इथे अंघोळ घालणं, कूस बदलणं हेही नर्सचं काम. मावशी-वॉर्डबॉयला हाक मारून भागत नाही. आधी बेड कमरेच्या उंचीला घ्या, मग स्लाइड शीट (पेशंटला सरकवायची गुळगुळीत चादर) घाला. होइस्टला, म्हणजे पेशंट उचलायच्या मशीनला, सहसा दोघं लागतात. स्लिंगचा, म्हणजे उचलायच्या झोळीचा, साइज, शिवण आणि मशीनवर लिहिलेली वजनाची मर्यादा दर वेळी बघा. घाईच्या वेळी ‘एकटीच करते’ म्हणणाऱ्यांच्याच कमरा जातात. दुसरी व्यक्ती येईपर्यंत पेशंटला थांबवलं तर कुणी रागावत नाही.

पूर्णवेळ नोकरी आठवड्याला 37.5 तासांची, म्हणजे बिनपगारी ब्रेक वगळून चार आठवड्यांत साधारण 13 लाँग डे (साडेबारा तासांच्या शिफ्ट). खरी झीज होते ती वरच्या बँक शिफ्टनी, म्हणजे जादा पैशांसाठी घेतलेल्या ड्यूट्यांनी. घरी पैसे पाठवायचे असतात, हे समजतं; तरी पहिले सहा महिने जपूनच घ्या. कायद्याने 17 आठवड्यांची सरासरी 48 तासांच्या वर जाता कामा नये. जॉइनिंगच्या कागदांत ही मर्यादा सोडण्याचा ‘ऑप्ट-आउट’ फॉर्म असू शकतो. त्यावर सही सक्तीची नाही, केली तरी नोटीस देऊन मागे घेता येते. दोन ड्यूट्यांमध्ये 11 तासांची विश्रांती हवी. रोस्टर आलं की हे स्वतः मोजा, चूक दिसली तर लगेच वॉर्ड मॅनेजरला ईमेल करा.

सुई टोचली तर रक्त वाहू द्या, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. चोखू किंवा घासू नका. शिफ्ट संपायची वाट न बघता ऑक्युपेशनल हेल्थला (कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा विभाग) कळवा, रात्री असेल तर इमर्जन्सीत जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही.

आजारपणात पहिले सात दिवस स्वतः भरलेला फॉर्म चालतो, पुढे फिट नोट (आजारपणाचं सर्टिफिकेट) लागते. म्हणून आल्याआल्या जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) नाव घाला. पहिल्या वर्षी एक महिना पूर्ण आणि दोन महिने अर्धा पगार मिळतो, तेव्हा ताप अंगावर काढू नका.



आणि आरसीएन किंवा युनिसन या युनियनचं सभासदत्व पहिल्याच पगारातून घ्या. आधीच सुरू झालेल्या प्रकरणात युनियन सहसा उभी राहत नाही.