आयर्विन पुलाचा आकडा आणि तुमची पायरी

वाचकांचे प्रश्न : पूर, दरड, वीज

आमचं घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फूट झालं की इशारा आणि 45 झालं की धोका, एवढं माहीत आहे. पण दरवर्षी गल्लीत वाद होतो: निघायचं नेमकं कितीला?
*वाचक, सांगली*

40 आणि 45 हे आकडे सगळ्या शहरासाठी आहेत. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट भागातली घरं इशारा पातळीच्या आधीच रिकामी करावी लागतात. उलट गावभागात उंचावर राहणारा 45 ला चहा पीत बसलेला असतो. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. तो उन्हाळ्यात काढून दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा.

रीत सोपी आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात पुलाजवळचं पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. हिशेबाला साडेसत्तावन्न धरा. त्या पुराची खूण भिंतीवर असेलच. रंग दिला असेल तर मीटरच्या पेटीमागे किंवा जिन्याखाली सापडते. ती खूण फरशीपासून 4 फुटांवर असेल, तर पुलाजवळचा आकडा साडेत्रेपन्नला आला की पाणी तुमच्या फरशीला लागतं.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि इथेच फसतात. फरशीला पाणी लागायच्या कितीतरी आधी गल्लीचं तोंड बुडतं. तेव्हा घराचा आकडा बाजूला ठेवा आणि वाटेचा काढा. गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, 40-50 फूट लांब. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी तो काढा. मग फरशीपासून टप्प्याटप्प्याने मुख्य रस्त्यापर्यंत जा आणि वाटेतली सगळ्यात खोल जागा फरशीपेक्षा किती खाली आहे ते मोजा. समजा ती 5 फूट खाली निघाली. साडेत्रेपन्नातून 5 गेले, उरले साडेअठ्ठेचाळीस. त्यातून आणखी 1 फूट कमी करा. नाल्यातून पाणी उलटं चढतं ते नदीच्या आधी, शिवाय पुलाच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी पुलापेक्षा थोडी जास्त असते. म्हणजे तुमचा आकडा साडेसत्तेचाळीस.

आता वेळेचा हिशेब. संध्याकाळी 6 ला पूल 44 वर आहे आणि तासाला 4 इंच चढतोय. फरशीच्या हिशेबाने साडेनऊ फूट, म्हणजे 114 इंच बाकी. साडेअठ्ठावीस तास हातात आहेत असं वाटतं. वाटेच्या हिशेबाने मात्र साडेतीनच फूट, 42 इंच बाकी. साडेदहा तास, म्हणजे पहाटे साडेचारला रस्ता बंद. त्यात रात्री लाइट जाणार. याचा अर्थ निघायचं ते जेवणं उरकून त्याच संध्याकाळी. चढण्याचा वेग एका आकड्यावरून ठरवू नका, तीन तासांतले आकडे घ्या. वेग वाढत असेल तर सगळ्यात मोठा धरा.

"बोट येईल की" हा भरवसा वाईट. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं नेणारी बोट उलटली आणि जीव गेले. कोरड्या पायाने निघता येतं तोवर निघणं यात भित्रेपणा कसला?

जाताना मोरीचं आणि संडासाचं भोक बंद करा. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड बांधून ती घट्ट दाबून बसवा आणि वर पाटा ठेवा. पुराचं पाणी घरात पहिल्यांदा येतं ते दारातून नाही, मोरीतून. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तो तरंगत घरभर आपटत फिरतो.

कोयनेतून अमुक हजार क्युसेक सोडले अशी बातमी येते. त्यावरून सांगलीत किती फूट वाढेल हे काढता येतं का?
*वाचक, मिरज*

थेट नाही. तसं कोष्टक मोबाइलवर फिरत असेल तर पुढे पाठवू नका.

क्युसेक म्हणजे सेकंदाला 1 घनफूट, साधारण 28 लिटर. 11,574 क्युसेक दिवसभर वाहिले की 1 टीएमसी, म्हणजे 1 अब्ज घनफूट, होतं. म्हणजे 50 हजार क्युसेक चोवीस तास सोडले तर सव्वाचार टीएमसीच्या वर पाणी गेलं. कोयनेची एकूण साठवण 105.25 टीएमसी आहे, त्यावरून अंदाज घ्या. हे पाणी कराडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळतं आणि सांगलीला यायला साधारण एक दिवस घेतं. सकाळच्या विसर्गाची बातमी म्हणजे दुसऱ्या दिवशीचं पाणी.

पण सांगलीची पातळी एकट्या कोयनेवर ठरत नाही. धरणांच्या खाली जो पाऊस पडतो, तो कुठल्याच दरवाज्याने अडत नाही. चांदोली धरणाचं पाणी घेऊन वारणा हरिपूरला कृष्णेत येते, सांगलीच्या लगेच खाली. त्याच्याही खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोघी भरून आल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि ती सांगलीत तुंबते. कोयनेचे दरवाजे बंद आणि पुलाजवळ पाणी चढतंच आहे, हे असं घडतं. त्यामुळे कोयनेसोबत वारणेचा विसर्ग आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळीही बघत चला.

कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणामुळे पाणी तुंबतं का, हे विचारणार असं गृहीत धरूनच सांगतो. 2019 च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात अलमट्टीवर ठपका ठेवला नाही. सांगली-कोल्हापुरात अनेकांना ते आजही मान्य नाही. वाद कुठे जायचा तिकडे जाईल, तुमची पायरी मोजायला त्याचा निकाल लागायची गरज नाही.

पुरात गावठाणातला जुना आड बुडाला. पाणी ओसरल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, तरी महिनाभर जुलाबाचे पेशंट होते. कुठे चुकलं?
*वाचक, वाळवा तालुका*

पावडर कोरडीच वरून टाकली असणार. ती तळाला जाऊन बसते, पाण्यात क्लोरीन उतरत नाही आणि वर नुसता वास येतो. दुसरी शक्यता म्हणजे पावडरच मेलेली. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं उघडं आणि ओलीत राहिलं की तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या खोलीत गेल्या पावसाळ्यापासून पडलेलं पोतं असेल तर तो चुनाच समजा. तिसरं, पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी उपसा, पण एका दमात नाही. भोवतालची माती पाण्याने फुगलेली असते. आतल्या पाण्याचा आधार एकदम काढला तर जुनं दगडी बांधकाम आत ढासळतं. दोन-तीन दिवसांत टप्प्याने उपसा आणि गाळ काढा. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन आडात उतरवू नका. त्याचा धूर खाली साठतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही.

नवं पाणी भरलं की मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि त्याला 22 ने गुणा. लिटर मिळतात. 10 फूट व्यास आणि 12 फूट पाणी म्हणजे 26,400 लिटर. पुरानंतरच्या पहिल्या धुण्याला हजार लिटरला 60 ग्रॅम धरा, म्हणजे सुमारे 1 किलो 600 ग्रॅम.

प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी 100 ग्रॅम पावडर घ्या. थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, गुठळी राहू देऊ नका, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं थांबलं की चुना खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओता आणि खालचा चुना लांब टाका, आडात नाही. निवळाची बादली दोराने पाण्यात बुडवून खाली-वर, कडेकडेने फिरवा. हिशेबाने सोळा खेपा होतात. कंटाळून लोक इथेच अख्खं पोतं आत उलटं करतात! तोंडाला फडकं बांधा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा.

रात्रभर, निदान 12 तास, कुणाला पाणी काढू देऊ नका. सकाळी उग्र वास कमी होईपर्यंत पाणी उपसून टाका. त्यानंतर रोजचा डोस हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे या आडाला 132 ग्रॅम. तो संध्याकाळचं पाणी भरून झाल्यावर टाकावा. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी, करा. नळीत पिवळा रंग लगेच बघून तक्त्याशी जुळवा, उशीर केला तर आकडा फुगतो. लिटरला 0.5 मिलिग्रॅम आला पाहिजे. रंगच आला नाही तर डोस कमी पडला. टेस्ट केलेलं पाणी ओतून द्या, ते विषारी असतं.

घरात 20 लिटरला अर्ध्या ग्रॅमची एक क्लोरीन गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या.

पाणी उतरलं, भिंती वाळल्यासारख्या दिसतात. लाइट कधी सुरू करावी?
*वाचक, सांगलीवाडी*

भिंत बाहेरून वाळते, पाइपातलं पाणी आठवडाभर तसंच राहतं. बोर्ड उघडे करून वाळवा. बुडालेले स्विच, एमसीबी आणि सॉकेट फेकून द्या, धुऊन परत लावू नका, कारण आतला गाळ ओल धरतो. मग परवानाधारक वायरमनकडून मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजायचं यंत्र, लावून घ्या. वायर आणि अर्थिंग यांच्यातला रोध 1 मेगाओहमच्या खाली आला तर ती लाइन जोडू नये. जोडताना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि नवे बोर्ड 2019 च्या खुणेच्या वर.

आमची वाडी डोंगराच्या पोटाला आहे. घरामागे उतारावर भेग पडली आहे. पावसाळ्यात राहावं का?
*वाचक, पाटण तालुका*

जुलै 2021 मध्ये तुमच्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे, आणि वाई तालुक्यात देवरुखवाडीत दरडी कोसळल्या. त्या 22 जुलैला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला होता. डोंगरावरची माती अशी भरली की तिचं वजन वाढतं आणि खालच्या खडकावरची पकड सुटते.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका आणि त्यांच्यातलं अंतर रोज सकाळी टेपने मोजून वहीत लिहा. भेग चंद्रकोरीसारखी वाकडी असेल, किंवा तिचा खालचा काठ वरच्यापेक्षा खचला असेल, तर खुंट्यांची वाट बघू नका. उन्हाळ्यात भेग चिकणमातीने ठेचून भरा आणि वर ताडपत्री टाका. तिच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी बाजूच्या ओघळीत वळवा. चर भेगेच्या खाली काढला तर उताराचा पायाच पोखरला जातो. ही चूक बरेच जण करतात. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि भूवैज्ञानिक पाहणी मागा.

झरा एकदम गढूळ झाला किंवा आटला, झाडं आणि खांब कलले, दार चौकटीत अडकायला लागलं, तर त्याच घटकेला निघा. जायचं ते ओघळीच्या तोंडाशी नाही, दरड ओघळीनेच उतरते. डोंगराच्या सोंडेवरची, म्हणजे दोन ओघळींमधल्या उंचवट्यावरची, शाळा किंवा देऊळ बरं. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने पाऊस मोजा. सलग भिजलेल्या दिवसांत, एका दिवसात 200 मिलिमीटर दिसले तर ती रात्र घरी काढू नका.

ऊस पंधरा दिवस पाण्यात होता, एक म्हैस गेली. मदत किती आणि कशाला अडते?
*वाचक, पलूस तालुका*

आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर बागायत पिकाला हेक्टरी 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 आणि कोरडवाहूला 8,500 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. दुभत्या म्हशीला 37,500. राज्य सरकार वेळोवेळी यात बदल करतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय तलाठ्याकडे बघा.

अडतं ते कागदावर. ई-पीक पाहणीत ऊस नोंदला नसेल तर सातबाऱ्यावर पीकच नाही. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर नाव यादीत येऊनही पैसे येत नाहीत. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर आजच फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि मेलं जनावर पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुरू नका. पुढच्या वेळी गोठा सोडावाच लागला तर दावं कापून जा. मोकळं जनावर उंचवटा शोधतं.

उसाचं म्हणाल तर पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उपटून बघा. सहज निघून आला आणि आत गाळ व घाण वास असेल तर ते टोक मेलं. आता कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतील आणि साखर उतरत जाईल. चर काढून पाणी झटकन बाहेर काढा, कारखान्याला लवकर तोड मागा आणि त्या शेतातलं बेणं लावू नका.

मे महिन्यात मेंढरं रानात असतात. वीज पडायच्या आधी कळतं का?
*वाचक, जत तालुका*

पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. रेंज नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर पडलं की काम सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका. कळप एकट्या बाभळीखाली किंवा तारेच्या कुंपणाला लागून थांबवू नका. एका झाडावर पडलेली वीज जमिनीतून अख्ख्या कळपाच्या पायांत जाते. माणसाने खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसावं, हात गुडघ्यांवर, आणि काठी लांब टाकून.