'इन्स्कॉन्स्ड' म्हणजे नुसतं 'बसलेला' का?

तुम्ही विचारलंय, बँकेच्या परीक्षेसाठी 'इन्स्कॉन्स्ड' (ensconced) या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'बसलेला' एवढाच पाठ केला तर चालेल का. नाही चालणार. गाईडांनी हाच अर्थ छापून शब्दाचा जीव घालवलाय.

शब्द फोडा. 'एन' म्हणजे आत घालणं, 'स्कॉन्स' म्हणजे लढाईतला मातीचा छोटा कोट. हा डच शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत शिरला. इंग्लंडात न्यूअर्कला 1646 साली बांधलेला 'क्वीन्स स्कॉन्स' आजही बघायला मिळतो. म्हणजे मुळात कोटाच्या आड शिरून निर्धास्त होणं. आपला भुईकोट डोळ्यासमोर आणा: बाहेर खंदक, मग तट, आत माणूस.

आडोसा नसेल तर हा शब्द लागतच नाही. एसटी स्टँडच्या बाकड्यावरचा माणूस फक्त बसलेला. पण डिसेंबरच्या पहाटे कोपरा धरून, भिंतीला पाठ लावून, सोलापुरी चादरीचं एक टोक पायाखाली खोचून दुसरं कानावरून ओढून घेतलेली आजी? ती इन्स्कॉन्स्ड. चहूबाजूंनी वेढा, ऊब, आणि इतक्यात उठायचं नाही.

वाक्यात हमखास चुकतं ते इथं. क्रियापद सकर्मक आहे. 'ही इन्स्कॉन्स्ड इन द चेअर' चूक. 'ही वॉज इन्स्कॉन्स्ड इन' म्हणा, नाहीतर 'ही इन्स्कॉन्स्ड हिमसेल्फ इन'. पुढे बहुतेक वेळा 'इन', टेबलामागे बसला असेल तर 'बिहाइंड'. मूळ क्रियापदाच्या (ensconce) स्पेलिंगच्या शेवटी 'सीई', 'एसई' नाही. उच्चारात जोर 'स्कॉन्स'वर.

'विसावलेला' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि मी मागे हटणार नाही. विसावा घटकाभराचा असतो, वाटसरू विसावतो नि चालू लागतो. 'दबा धरून' तर साफ चूक, त्यात झडप घालायचा बेत असतो. 'ठाण मांडून' जवळचा, पण त्यात हट्ट डोकावतो. पदावर पक्क्या झालेल्या पुढाऱ्याला 'बस्तान बसवलेला' चपखल बसतं, अंथरुणातल्याला 'गुरफटून पडलेला'. सगळीकडे चालेल असा एकच मराठी शब्द नाही, संदर्भ बघूनच निवडा.

अर्थात पेपरात पर्यायांमध्ये 'सेटल्ड' जवळचा दिसला तर बिनधास्त तोच टिक करा, तिथं माझा वाद घेऊन बसू नका. आणि भिंतीवरच्या दिव्यालाही स्कॉन्स म्हणतात, तो फ्रेंचमधून आलेला वेगळा शब्द. त्याची इथं सरमिसळ करू नका.